डावा कान, उजवा कान

ता. ३ जानेवारी

भिंगरीस,
आजीचा आशीर्वाद.

तुझं खोकं पोचलं. उघडलं तर आत हे काळं जोखड. मला वाटलं, कुणा बैलाचं चुकून माझ्या पत्त्यावर आलं. वर लाल-निळे दिवे लुकलुकतात. तुझा मामा म्हणाला, "आई, हा खेळणाऱ्या पोरांचा हेडसेट आहे. गोळीबाराचे खेळ असतात ना, त्यातला." म्हटलं, बरं झालं, या घरात गोळीबाराची गरज आहेच.

तू दिवसभर दुकानात बसून असले हेडसेट उघडतेस आणि दुरुस्त करतेस, तुला त्यातलं कळतं. मला कळतं ते शिलाई मशीन. साठ मशीनच्या खोलीत एकतीस वर्षं बसले आणि निघताना कान तिथंच ठेवून आले. फोनवर तू बोललीस की मला उशीच्या आतून कुणी बोलल्यासारखं येतं, म्हणून तर ही पत्रं. समोरचा माणूस बोलला तर ओठांवरून सगळं कळतं. आम्ही बायका त्या खोलीत तशाच बोलायचो, आवाज न काढता दिवसभर भांडायचो. पण इथं माझं मशीन भिंतीकडे तोंड करून आहे. मी शिवायला बसले की अख्खी खोली माझ्या पाठीमागे. मी वळले की सगळे गप्प. आणि असे गप्प होणारे लोक हवापाण्यावर बोलत नसतात, एवढं कळायला चौथीपर्यंतची शाळा पुष्कळ झाली.

तर हे जोखड कसं लावलं की पाठीमागचं मला ऐकू येईल, ते लिही. कुणाला सांगू नकोस. घरात मी सांगितलंय, नातीनं गाणी ऐकायला पाठवलंय.

सोबत एक डबी आहे. तिच्यावर पाच सरकपट्ट्या, एक चाक आणि एक बाण. अजून हात लावला नाही. उगाच फुटली तर गोळीबाराचा खेळ इथंच व्हायचा.

तुझी आजी


ता. ११ जानेवारी

आजी,
पाया पडते.

डबी फुटत नाही, ती मी माझ्या हातानं जोडली आहे. आणि हेडसेट मुद्दाम खेळाचा निवडला. त्या खेळात शत्रूची पावलं पाठीमागून येतात. डावीकडून की उजवीकडून, हे कळलं नाही तर खेळणारा मेलाच. तुलाही तेच हवंय ना?

नीट वाच. डबीला दोन बाजूंना दोन जाळ्या आहेत, तेच तिचे कान. डबी मशीनच्या टेबलावर ठेव, बाण भिंतीकडे कर. मग खोलीत डावीकडे कुणी बोललं तर तुझ्या डाव्या कानात ऐकू येईल, उजवीकडचं उजव्या कानात. पाच पट्ट्यांपैकी पहिल्या दोन जाड आवाजांच्या आहेत, मशीनची घरघर, पंखा वगैरे. त्या तळाला ने. मधली मध्येच राहू दे. शेवटच्या दोन बारीक आवाजांच्या. स, श, च, त ही अक्षरं तिथं राहतात आणि तुझे कान नेमकी तीच गाळतात. त्या दोन हळूहळू वर ने. एकदम नेल्यास तर चमचा पडला तरी किंचाळशील. चाक फिरवलं की सगळाच आवाज कमी-जास्त होतो. हेडसेट कुठल्या बाजूनं घालायचा ते दोन्ही कपांच्या आत लिहिलं आहे.

पण आजी, पाठीमागचं ऐकून तू करणार काय? ऐकलेलं परत करता येत नाही.

भिंगरी


ता. २४ जानेवारी

भिंगरीस,
आशीर्वाद.

परत करता येतं की नाही ते पुढे वाच.

पट्ट्या लावल्या. तू उगाच पानभर लिहिलंस, दोऱ्याचा ताण लावतात तसंच तर आहे. अर्धा आटा जास्त झाला की चुणी, अर्धा कमी झाला की झोल. शेवटची पट्टी वर नेली आणि माझ्याच कात्रीची दोन पाती एकमेकींवर घासलेली ऐकली. हा आवाज मी किती वर्षांनी ऐकला ते मोजलं नाही. मग तुझ्या मामीच्या किल्ल्या, तुझ्या मामाचं नाक, नळाची गळती. नळ गळतो हे मला या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. रविवारी तुझी आई आली होती. दोघी माझ्या पाठीमागच्या लांब सोफ्यावर बसल्या. जागा ठरलेल्या. तुझी मामी डावीकडे, स्वयंपाकघराच्या दारापाशी, आणि तुझी आई उजवीकडे, कपाटापाशी. मी शिवत होते, जोखड डोक्यावर होतं. दोघी कुजबुजत होत्या. कुजबुजीला चेहरा नसतो गं, सगळ्या बायका सारख्याच वाटतात. पण बाजू असते.

डावीकडून आलं, "हे मशीन द्या एकदाचं भंगारात. म्हातारीला एखाद्या आश्रमात ठेवा. बहिरीला काय, भिंतीकडे तोंड करून कुठंही बसेल."

उजवीकडून आलं, "हळू बोला. मशीन गेलं तर त्या आठ दिवस जगणार नाहीत. मशीन इथंच राहील, त्याही इथंच राहतील. पुन्हा हा विषय माझ्यासमोर नको."

मी मान वळवली नाही. हातातली शिवण वाकडी गेली, ती नंतर उसवली. संध्याकाळी तुझी आई निघाली तेव्हा तिला माझी पितळी मुठीची कात्री दिली. चौदाव्या वर्षी पहिल्या मालकिणीनं मला दिलेली, कुणाला हात लावू देत नव्हते ती. का देते ते सांगितलं नाही. पोटची ती पोटची.

आणि तुझ्या मामीला काय देते तेही ऐक. ती बसच्या तिकीट खिडकीवर बसते. खात्याचे सहा शर्ट आहेत, बिनबाह्यांचा एक कोट आहे, सगळं मीच बेतते आणि मीच इस्त्री करते. शर्टांच्या कुशीला, बगलेखालच्या शिवणीत, मी माया भरपूर सोडते, म्हणजे आत जास्तीचं कापड राहतं. आता दर आठवड्याला सहाही शर्ट दोन्ही कुशींना एकेक सूत आत घेणार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, डोळ्याला दिसत नाही, पोटाला कळतो. ती मला भंगारात काढते काय! मी तिला टाक्याटाक्यानं आवळते.

दोन बारीक तक्रारी आहेत. जोखडाला तोंडासमोर एक दांडी आहे, ती कशाला ठेवलीस? पहिल्या दिवशी माझ्या टाचण्यांत अडकली. आणि चाक कुठवर फिरवायचं ते मी रोज विसरते.

आजी


ता. ५ फेब्रुवारी

आजी,

पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. मामी असं बोलली? तिनंच मला परवा कळवलं होतं की आजीच्या मशीनचा पट्टा जुना झालाय, तिकडं मिळतो का बघ. शर्टांचं सोड, आजी. खिडकीवर आठ तास बसायचं असतं तिला.

दांडी म्हणजे बोलायचा माइक. तुला लागत नाही, वर फिरवून ठेव. चाकाचं सोपं आहे. जिथं आवाज बरोबर वाटतो तिथं लाल दोऱ्याची खूण चिकटव आणि बघ.

आईनं कात्रीबद्दल मला काही सांगितलं नाही.

भिंगरी


ता. २० फेब्रुवारी

भिंगरीस,
आशीर्वाद.

चार आठवडे झाले, चार सुतं गेली. बुधवारी काम फत्ते. खिडकीवर तुझी मामी सुट्टे पैसे द्यायला वाकली आणि पोटावरचं बटण सुटलं ते खिडकीच्या भोकातून बाहेर, थेट एका प्रवाशाच्या चष्म्यावर. रांगेत हशा पिकला. तिनं स्वतःच घरी येऊन सांगितलं, माझ्यासमोर बसून, ओठ स्वच्छ हलवत. मी म्हटलं, "वय झालं की सुटतंच गं अंग." ती म्हणाली, "हो ना आई. तुमचं बरं आहे, तुमचं फक्त तोंड सुटलंय."

बघ, किती लागट आहे ते.

आता संध्याकाळचं जेवण बंद आहे तिचं. नुसतं गरम पाणी पिते आणि माझ्या ताटाकडे बघत बसते. मी मुद्दाम दोनदा वाढून घेते. सूड घेताना भूक चांगली लागते, हे मला या वयात कळलं.

दांडीचं तू सांगायच्या आधीच मी निस्तरलं होतं. टाचण्या मी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरते, चौदाव्या वर्षापासून. दांडी वर केली तरी घसरून तिथंच येते. म्हणून पहिल्याच दिवशी मी जोखड उलटं फिरवून घातलं, दांडी उजवीकडे. तेव्हापासून तसंच घालते. शाळा कमी असली तरी डोकं आहे.

चाकाला लाल दोरा लावला. दर सोमवारी सकाळी चाक दोऱ्याच्या एक खाच खाली असतं. तुझ्या डबीत भूत आहे.

आजी


ता. २ मार्च

आजी,

दुकानात काम फार आहे. डबीत भूत नाही, कदाचित स्प्रिंग सैल असेल. नवी पाठवते. शर्टांचं आता पुरे कर ना. काळजी घे.

भिंगरी


ता. १४ मार्च

भिंगरीस,

तुझं पत्र पातळ आहे. एरवी चार पानं लिहिणारी पोर चार ओळींवर आली की मी समजते, आत कुठंतरी कापड कमी पडलंय. काय लपवतेस? पोरगा वगैरे असेल तर सरळ सांग, मी काही त्याचे शर्ट शिवत नाही.

इकडचं ऐक. नुसत्या शर्टांनी माझं समाधान होत नाही. येत्या चोवीस तारखेला रविवार आहे. तुझ्या मामासमोर मी सगळं बाहेर काढणार. तुझ्या बायकोनं मला भंगारात काढलं, हे माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणणार. तो तिची बाजू घेईल, पुरुष घेतातच. घेऊ दे. मी मशीन उचलून तुझ्या आईकडे कायमची राहायला जाणार. जगात एकीनं तरी माझ्यासाठी तोंड उघडलं. तुझ्या मामीचं तोंड मी या जन्मात पुन्हा बघणार नाही.

ट्रंक खाली काढली आहे.

आजी


ता. १८ मार्च

आजी,

हे पत्र जलद टपालानं पाठवते आहे. रविवारच्या आत मिळू दे.

पोरगा नाही. मी लपवलं ते दुसरंच आहे. तू लिहिलंस की पहिल्या दिवसापासून दांडी उजवीकडे घेतेस. दांडीची जागा डावीकडे असते. म्हणजे हेडसेटचा डावा कप तुझ्या उजव्या कानावर आहे आणि उजवा कप डाव्या कानावर. डबी डावीकडचं बोलणं डाव्या कपातच पाठवते. त्यामुळे तुला सगळं उलटं ऐकू येतं, आजी. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे.

चूक माझी. कपांत लिहिलंय असं लिहून मी मोकळी झाले. ती इंग्रजी अक्षरं तुला वाचता येत नाहीत, हे डोक्यात आलं नाही. डाव्या कपात तुझ्या बेतायच्या काटकोनी पट्टीसारखी खूण आहे. ती डाव्या कानावर यायला हवी.

म्हणजे भंगाराचं बोलली ती माझी आई. मशीन इथंच राहील म्हणाली ती मामी.

तुझं वीस फेब्रुवारीचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी लिहिलं नाही. मामीचे शर्ट आवळले जातायत हे माहीत असून गप्प बसले, कारण ती माझी आई आहे. तिला वाटतं, एक दिवस मामी कंटाळेल आणि तू आमच्याकडे येशील. आमच्या दोन खोल्यांत तुझं मशीन, तुझं बोलणं, सगळ्याचीच तिला भीती वाटते. त्यापेक्षा आश्रम बरा, हे मी तिच्या तोंडून आधीही ऐकलंय. तू ट्रंक घेऊन तिच्या दारात उभी राहशील आणि तिचं तोंड बघशील, ते मला सोसणार नाही.

मला काय बोलायचं ते बोल.

भिंगरी


ता. २ एप्रिल

भिंगरीस,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तीनदा वाचलं. त्या दिवशी मशीन चालवलं नाही. बास. तुझ्या आईबद्दल मला काय वाटलं त्यावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही.

मग कप उलटेपालटे करून पाहिले. काटकोनाची खूण सापडली. डाव्या कानावर चढवली. त्याच वेळी स्वयंपाकघरात तुझी मामी भांडं ठेवत होती. आवाज डावीकडून आला. दोन महिने ते स्वयंपाकघर माझ्या उजव्या कानात होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हे लिहायला हात जड होतोय, पण खरं ते खरं. रागावलेल्या माणसाला दिशा लागत नाही, नुसतं माणूस लागतं.

मी हाक मारली, "शर्ट आण गं तुझे."

ती दारात आली. "कशाला? अजून दोन सुतं राहिलीत वाटतं?"

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"घरात मापाची टेप आहे, आई. तीन तर तुमच्याच आहेत. कंबर तीच, शर्ट लहान. दुसऱ्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय, तुम्ही बहिऱ्या. म्हणजे तुम्ही तसं सांगता. गाणी ऐकता म्हणे! टपालवाल्यानं बेल वाजवली तेव्हा माझ्याआधी तुमची मान वळली. तेव्हाच मी म्हटलं, थांब आता. तुमच्या एका सुताला माझी एक खाच. दर सोमवारी धूळ पुसताना चाक फिरवत होते."

डबीतलं भूत सापडलं तुझं. स्प्रिंग पाठवू नकोस.

मी विचारलं, "मग रात्रीची जेवत का नव्हतीस?"

"कोण म्हणतं? खिडकीवरून सुटले की दोन घास खाऊनच घरी येत होते. तुमच्यासमोर उपाशी बसलं की तुम्ही दोनदा वाढून घेता आणि मग सकाळपर्यंत तुमच्या छातीत जळजळ. औषधाची बाटली कुणी आणली, आठवतं का?"

आणलेली तिनंच होती. बाटली देताना किती काळजीचा चेहरा केला होता! अशा बाईशी वैर करायला मजा येते गं. मैत्रीला मात्र वेळ लागेल.

मग ती सोफ्याच्या कडेला बसली आणि तिचा आवाज बदलला. म्हणाली, "एकच सांगा. मी केलं काय होतं? त्या रविवारी मी तुमच्या मशीनसाठी वन्संशी भांडले. त्या दिवसापासून तुमची नजर फिरली. दोन महिने मी माझी चूक शोधतेय."

मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं. घडी घालून परत दिलं. मी माफी मागितली नाही, मला ते येत नाही. सहा शर्ट घेतले आणि उसवायला बसले. एक गोष्ट सांगते, राग कितीही असला तरी मी आतलं कापड कापलेलं नव्हतं, नुसतं दुमडून आत घेतलं होतं. हाताची सवय. तिन्हीसांजेपर्यंत सहाही शर्ट होते तसे झाले. तिनं एक घातला, दोन्ही हात वर केले, खाली वाकली आणि म्हणाली, "बटणं घट्ट लावा. लोकांना डोळे असतात."

आता चोवीस तारखेचा रविवार. तुझी आई आली. उजवीकडे कपाटापाशी बसली. मी मशीनवर, जोखड डोक्यावर, काटकोन डाव्या कानावर. तुझ्या मामीनं चाक लाल दोऱ्यापर्यंत नेऊन ठेवलं होतं, न सांगता. थोड्या वेळानं उजव्या कानात स्पष्ट आलं, "अजून आहेच का हे खटारं इथं?"

मी शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि वळून म्हटलं, "आहे. पण उद्यापासून तुझ्याकडे. ट्रंक भरली आहे, बघ. सगळ्या घरात तू एकटी माझ्या बाजूनं बोललीस, मी ऐकलं. आता शेवटपर्यंत तुझ्यापाशीच राहते."

भिंगरे, ते तोंड बघायला तू हवी होतीस. पिठाच्या पिशवीला भोक पडावं तसा रंग उतरत गेला. मामी उठली आणि ट्रंकेचं झाकण लावून तिच्यावर बसली. "वन्सं, नीट घेऊन जा हं. मशीन खिडकीशी ठेवा. आणि त्यांना रात्री दोनदा वाढा." तुझी आई ततपप करत म्हणाली, "आई, जरा वेळ दे, खोली रिकामी करायला हवी." म्हटलं, दिला. एप्रिल संपेपर्यंत दिला. तोवर कात्री तेवढी परत आणून दे, तिथं येताना मीच घेऊन येईन. कात्री दुसऱ्याच दिवशी परत आली. एवढी तत्परता तिनं जन्मात दाखवली नव्हती.

मी कुठंही जात नाही, हे तुझ्या मामीला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आता तुला माहीत आहे. तुझ्या आईला कळायचं नाही. ती रोज कपाट ओढत असेल, कोपरे मोजत असेल, रडतही असेल. तुला फोन करून तेच सांगेल. तू ऐकायचं आणि गप्प बसायचं. तीस तारखेपर्यंत. गप्प बसणं तुला छान जमतं, त्या चार ओळींच्या पत्रात मी बघितलंय. ही तुझी शिक्षा.

शिक्षा संपली की ये. तुझ्या मामीला मापाचा नवा कोट शिवायचाय, कापड तू आणायचंस.

आणि दांडीचं म्हणशील तर ती आता पुन्हा डावीकडे आली आणि टाचण्यांत अडकू लागली. म्हणून टाचण्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरायला शिकते आहे. अठ्ठावन्न वर्षांची सवय आहे. आज दोनदा ओठ टोचला. टोचू दे.

तुझी आजी